बाबांना ॲटॅक, आईचा व्हॉल्व्ह, आत्याला पेसमेकर: "आमच्या घरातच हार्ट आहे का?"

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल आणि बाकीच्या वाचणाऱ्यांनाही. बाबा ५२ वर्षांचे, माळकरी, आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, विडी-सिगारेट नाही, दारू नाही, फक्त तंबाखू मळून खातात आणि शुगर आहे. सहा महिन्यांपूर्वी पट्ट्यावर चालवून केलेली टीएमटी नॉर्मल आली होती. मागच्या महिन्यात रात्री छातीत जळजळ आणि घाम सुरू झाला, पित्त समजून सोडा आणि ओवा घेतला, सकाळी दवाखान्यात नेलं तर मोठा ॲटॅक, एक नस १००% बंद, स्टेंट टाकला, आता ईएफ (हृदयाची रक्त बाहेर फेकायची ताकद) ४०% आहे. कोलेस्ट्रॉल १७८, म्हणजे नॉर्मल. आई ४७ वर्षांची, जिना चढताना धाप लागते म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर व्हॉल्व्ह आकसलाय असं निघालं. आत्या सत्तरीची, तिला पेसमेकर बसवलाय. आणि तुम्ही २७, कधीमधी सिगारेट ओढता, आणि विचारताय की आमच्या घराण्यातच हार्ट आहे का, मला कधी होणार, सीटी अँजिओ (हृदयाच्या नसांचा सीटी स्कॅन) करून टाकू का, आणि तेल कुठलं वापरायचं.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. अँजिओप्लास्टी मी करत नाही, ते काम कार्डिओलॉजिस्टचं, पण ॲटॅक आलेला माणूस आधी आमच्याचकडे येतो आणि स्टेंट टाकून आला की पुढची वर्षानुवर्षं गोळ्या, बीपी, शुगर आम्हीच बघत बसतो. तुमच्या घरच्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषध कुठलं, किती, ते मी इथं सांगणार नाही, आणि कुणीही सांगितलं तरी ऐकू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरात "हार्ट" नाहीये. तीन माणसांना तीन वेगळे आजार झालेत आणि ते एकाच अवयवात झाले एवढाच त्यांचा संबंध. पेशंट "हार्टचा प्रॉब्लेम आहे" म्हणाला की मी पहिल्यांदा विचारतो, हार्टच्या कशाचा? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसांचा, आतल्या झडपांचा, खुद्द स्नायूचा, की ठोके चालवणाऱ्या करंटचा? पाचवा प्रकार जन्मजात, म्हणजे पडद्याला छिद्र वगैरे, तो तुमच्याकडे नाही म्हणून सोडून देतो. या प्रत्येकाचं कारण वेगळं, वय वेगळं, इलाज वेगळा, आणि वारशाने येतो का याचं उत्तरसुद्धा वेगळं. हे वेगळं केलं नाही की माणूस घाबरतो सगळ्याला आणि करायचं ते एकही करत नाही.

बाबांपासून सुरू करू. तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलंय ते हे की टीएमटी नॉर्मल, कोलेस्ट्रॉल नॉर्मल, शाकाहारी माणूस, मग ॲटॅक कसा? लोकांच्या डोक्यात असं असतं की नसेत चरबी साठत साठत जाते, ५०%, ७०%, ९०%, आणि १०० झाले की ॲटॅक. तसं साठतंही, पण त्याने होतो तो चालताना छातीत भरून येण्याचा त्रास, थांबलं की कमी होणारा, त्याला अंजायना म्हणतात आणि टीएमटीत सापडतो तो हा. ॲटॅक बहुतेक वेळा वेगळ्या पद्धतीने येतो. नसेच्या आतल्या अस्तराखाली चरबी आणि सूज असलेला एक थर असतो, तो ३०-४०% च अडवत असेल, पण त्याच्यावरचा पापुद्रा पातळ असतो आणि पिकलेला फोड फुटावा तसा तो एक दिवस फुटतो, मग शरीराला वाटतं इथं जखम झालीय, रक्त तिथं गोठतं आणि काही मिनिटांत नस पूर्ण बंद. फुटायच्या आदल्या दिवशीसुद्धा टीएमटी नॉर्मल येऊ शकते कारण रक्त जायला जागा होती. म्हणजे टीएमटी करणाऱ्याची चूकच होती असं नाही, त्या टेस्टचा प्रश्नच वेगळा आहे. "मला पुढे ॲटॅक येईल का" याचं उत्तर ती देत नाही, आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती घालून लोकांना निश्चिंत करून घरी पाठवतात हे मला स्वतःला पटत नाही.

मग तो थर तयार का होतो आणि फुटतो का? यावर बराच अभ्यास झालाय. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून माणसांना वर्षानुवर्षं तपासत गेले, तिथून बीपी, कोलेस्ट्रॉल, सिगारेट ही कारणं पक्की झाली. २००४ मध्ये इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतला, त्यात नऊ गोष्टींनी पहिल्या ॲटॅकचा साधारण ९०% धोका समजावता येतो असं निघालं: तंबाखू-धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं, आणि दारूशी संबंधित एक. त्याच अभ्यासात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येत होता आणि बाकीच्यांना ५९ च्या आसपास. तुमचे बाबा ५२. म्हणजे "इतक्या लवकर कसा" असं तुम्हाला वाटतंय, पण आपल्याकडे दुर्दैवाने हेच वय आहे.

आता बाबांच्या यादीत बघा. तंबाखू. लोक म्हणतात धूर कुठे आत जातोय, तोंडातच तर धरतो. पण निकोटिन गालातून रक्तात जातंच आणि इंटरहार्टमध्येच चघळायच्या तंबाखूनेही ॲटॅकचा धोका जवळपास दुप्पट निघालाय. आमच्याकडे बायकांमध्ये मशेरीचं तेच. "व्यसन काही नाही" असं सांगणाऱ्या आजीबाईंचे दात बघितले की कळतं, रोज दोनदा मशेरी लावतात, ती व्यसनात मोजतच नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण साध्या तंबाखूची पुडी आणि चुना कुठल्याही टपरीवर मिळतो, त्यामुळे माळकरी घरातही तो बिनदिक्कत चालतो.

दुसरी शुगर. शुगर असलेल्या माणसाच्या नसा सगळीकडूनच खराब होत जातात आणि वरून छातीतल्या दुखण्याची जाणीव बोथट होते, म्हणून असल्या लोकांना सिनेमात दाखवतात तशी छाती धरून कोसळायची वेळ येतेच असं नाही, नुसता घाम, मळमळ, जळजळ, धाप, अस्वस्थपणा एवढंच होऊ शकतं. बाबांनी पित्त समजलं यात त्यांची चूक काय काढायची, तसंच वाटतं ते.

तिसरं कोलेस्ट्रॉल. तुम्ही रिपोर्टमधले आकडे टाकलेत ते बरं केलंत: एकूण १७८, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) ९५. लॅबवाल्याने सगळ्यात वरचा १७८ बघून नॉर्मल छापलंय. पण एकूणातून चांगलं वजा करा, १४७ उरतात, ते सगळं नसेत जाऊन बसणारं कोलेस्ट्रॉल. चांगलं कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, हा आपल्या लोकांचा अगदी नेहमीचा नमुना आहे, शुगर आणि पोटाच्या घेराबरोबर येतो, आणि तो तेला-तुपापेक्षा भात, साखर, मैदा, साबुदाणा यांच्याशी जास्त जोडलेला आहे. म्हणून "आम्ही शाकाहारी" याने फार संरक्षण मिळत नाही. अजून एक, ॲटॅक आल्यावर एक-दोन दिवसांनी रक्त घेतलं तर कोलेस्ट्रॉल खोटंच कमी येतं, त्यामुळे ते १७८ कधीचे हेही बघायला पाहिजे. आणि आता तर ती नॉर्मल रेंज बाबांना लागूच नाही, ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. "कोलेस्ट्रॉल नॉर्मल आहे मग ती गोळी कशाला" म्हणून स्टॅटिन बंद करणारे दर महिन्याला भेटतात, तुम्ही तसं करू देऊ नका. रक्त पातळ करायच्या ज्या दोन गोळ्या आहेत त्या साधारण वर्षभर एकत्र चालतात, त्यातली एक जरी मनाने सोडली तरी स्टेंटमध्येच रक्त गोठू शकतं. माळकरी घर म्हणून मुद्दाम सांगतो, एकादशीला उपास असला तरी या गोळ्या घ्यायच्याच. शुगरच्या गोळ्यांचं मात्र उपासाच्या दिवशी वेगळं गणित असतं, ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, नाहीतर शुगर एकदम खाली जाते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने उलटी वर जाते.

ईएफ ४०% वरून तुम्ही लिहिलंय की "बाबांचं हृदय ४० टक्केच चाललंय". असं नाही हो. ईएफ म्हणजे एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं. धडधाकट माणसाचंही १०० कधीच नसतं, ५५ ते ७० च्या मध्ये असतं. म्हणजे ४० हे साठाच्या जवळच्या आकड्याशी ताडून बघायचं. कमी आहेच, कारण रात्रभर नस बंद राहिल्याने तिथला स्नायू मेला, पण त्याच्या आजूबाजूचा काही भाग नुसता बधिर झालेला असतो, तो पुढच्या काही आठवड्यांत परत काम करायला लागतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी इको परत करतात आणि मगच पुढचं ठरतं. तोपर्यंत रोज वजन बघा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली किंवा आडवं झाल्यावर धाप लागली तर लगेच दाखवा. मीठ कमी, म्हणजे भाजीतलं चिमूटभर कमी करून वर पापड-लोणचं नाही. वारीचं विचारलंत, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आहे, यंदा चालत जायचं की नाही हे त्या दुसऱ्या इकोनंतर ठरवा. घराभोवती रोज चालणं मात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं आत्ताच सुरू पाहिजे.

स्नायूच्या आजाराबद्दल सगळ्यांसाठी एक ओळ: तो फक्त ॲटॅकनेच होत नाही, वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, दारू, एखादा व्हायरल ताप, बाळंतपण, कॅन्सरची काही औषधं यांनीही होतो, आणि एक प्रकार वारशाने येतो ज्यात स्नायू जाड होतो आणि खेळताना तरुण पोरं कोसळतात. तुमच्या घरात कुणी चाळिशीच्या आत असं अचानक गेलं असेल तर ते मला वेगळं सांगा, मग माझं उत्तर बदलेल.

आत्याचं लवकर उरकतो. हृदयात ठोक्याचा करंट वरून खाली जायची एक वाट असते, वयाने ती झिजते, करंट खाली पोचत नाही, ठोके तीस-चाळीसवर येतात, चक्कर येते, माणूस पडतो. सत्तरीत हे बहुतेक वयाचंच असतं. नसांचा यात संबंध असेलच असं नाही आणि तुमच्यापर्यंत ते येईल म्हणून आज काळजी करायचं काही कारण दिसत नाही. मोबाईल पेसमेकरच्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका म्हणावं, बाकी मिक्सर-टीव्ही सगळं चालतं.

आता तुम्ही. घराण्याचा हिशेब डॉक्टर असा करतात: सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यात, पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत नसांचा आजार झाला तर तो धरायचा. बाबा ५२ म्हणजे धरायचा. आईचा व्हॉल्व्ह नाही धरायचा, आत्याचा पेसमेकर नाही धरायचा. तर एकच खूण लागली, तीन नाही. त्यातही बाबांकडून तुम्हाला जीन्स मिळाले, तंबाखूची पुडी नाही मिळाली, ती तुम्ही सिगारेटच्या रूपाने स्वतः उचललीत. कधीमधी ओढणाऱ्यालाही धोका असतोच, "दिवसाला एकच" याने तो नावापुरता होत नाही.

सीटी अँजिओ २७ व्या वर्षी, कसलाही त्रास नसताना, मी करायला सांगणार नाही. तुमच्या वयात ती बहुतेक स्वच्छच येईल, रेडिएशन आणि पैसे जातील, आणि तुम्ही खुशाल सिगारेट चालू ठेवाल. त्यापेक्षा बीपी, उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्ट्रॉलची तपासणी) करा, टेप घेऊन कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईला ८० च्या वर असली तर जास्त. एलडीएल १९० च्या वर निघालं तर ते वेगळं प्रकरण आहे, आनुवंशिक कोलेस्ट्रॉल असू शकतं, लगेच दाखवा. आणि लिपोप्रोटीन ए नावाची एक टेस्ट आयुष्यात एकदा करून ठेवा, ती जवळजवळ पूर्ण वारशावर ठरते, खाण्यापिण्याने बदलत नाही, आणि आपल्या लोकांत ती वाढलेली बऱ्यापैकी सापडते. वाढलेली निघाली तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जास्त कडक ठेवायच्या एवढाच त्याचा अर्थ.

तेलाचं: शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, घरात जे चालतं ते चालू द्या, आलटून पालटून वापरा, माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटरच्या आत ठेवा आणि तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नका. वनस्पती तूप आणि बेकरीची खारी-नानकटाई कमी करा. याहून जास्त वेळ तेलावर घालवू नये, कारण मी बघतो की लोक घाण्याचं तेल आणायला वीस किलोमीटर जातात आणि बीपीची गोळी संपली तर चार दिवस आणत नाहीत.

परत तशी रात्र आली तर काय करायचं तेही लिहून ठेवतो, कारण बाबांचे जे तास सोडा-ओव्यात गेले त्यातच स्नायू गेला. छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, त्याबरोबर घाम, आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाही, तर ते ॲटॅकच धरायचं जोपर्यंत इसीजी नाही म्हणत नाही. १०८ ला फोन करा, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या, स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका, आणि जिथे इसीजी होतो तिथे न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत असतो, आणि ते तालुक्यालाही मिळतं, त्यासाठी पुण्या-मुंबईपर्यंत थांबायचं नसतं. पहिला इसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर परत काढायला लावा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (नसा सैल करणारी गोळी) मात्र न विचारता कुणाच्याही तोंडात घालू नका, बीपी कमी असेल तर ती अजून खाली पाडते.

आईचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत आणि मला तुमच्या घरात आज सगळ्यात घाईचं तेच वाटतंय. बाबांचं जे व्हायचं ते होऊन इलाज चालू झालाय, आईचा अजून सुरूही नाही. या वयात मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) आकसलेला सापडला तर आपल्याकडे कारण बहुतेक एकच असतं, लहानपणीचा संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वयात घसा दुखतो, एका ठराविक जंतूमुळे, घसा बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधे दुखायला लागतात, आज गुडघा, उद्या घोटा. जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्तीच व्हॉल्व्हवर उलटते. जुने डॉक्टर म्हणायचे, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे पूर्ण बरे होतात, व्हॉल्व्ह मात्र हळूहळू जाड होऊन चिकटत जातो आणि त्रास दहा-वीस वर्षांनी दिसतो, कितीतरी बायकांना तर पहिल्यांदा गरोदरपणात. आईला विचारा लहानपणी असं काही झालेलं का, नाही आठवलं तरी बिघडत नाही. हा आजार तेला-तुपाने, कोलेस्ट्रॉलने होत नाही, आणि तो तुम्हाला वारशाने मिळत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांचा ताप-घसा अंगावर काढू नका आणि अँटिबायोटिक सांगितलंय तेवढे दिवस पूर्ण द्या.

इलाज चांगला आहे. व्हॉल्व्ह फार कडक झाला नसेल, गळत नसेल आणि आत गुठळी नसेल तर मांडीच्या नसेतून फुगा नेऊन तो उघडता येतो, छाती न उघडता. उशीर झाला की व्हॉल्व्ह बदलावा लागतो. आपल्याच देशात, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने बनवलेला व्हॉल्व्ह १९९० पासून बसवतायत, त्यामुळे तेही आता नवलाचं राहिलेलं नाही, पण धातूच्या व्हॉल्व्हबरोबर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय त्याची) तपासणी जन्मभर मागे लागते, म्हणून फुग्याने जमत असेल तर ती वेळ घालवू नका. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

अजून एक, या आजारात ठोके अनियमित व्हायला लागतात आणि मग आत गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणजे पॅरालिसिस. तसे ठोके असतील तर जुनी आयएनआरवाली गोळीच द्यायची असते, २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा पेशंटना नव्या गोळीपेक्षा जुनीच चांगली ठरली. कुणी सोपी म्हणून नवी लिहून दिली असेल तर कार्डिओलॉजिस्टला नक्की विचारा.

आईच्या इको रिपोर्टवर व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असेल, नॉर्मल चार ते सहा असतं आणि दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर धरतात. तो आकडा आणि इसीजीत ठोके नियमित आहेत की नाही एवढं इथं लिहा. एक किंवा त्याच्या खाली असेल तर लिहीत बसू नका, याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टची वेळ घ्या.